जुन्या हिप-हॉपचा तो जड, खरखरीत आवाज नेमका कशामुळे होता? आज लॅपटॉपवर तसा बीट काढता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "८०-९० च्या दशकातली अमेरिकन रॅप गाणी ऐकली की आजची गाणी गुळगुळीत वाटतात. हा फक्त आठवणींचा परिणाम, की आवाजातच फरक होता? तसा बीट घरी बनवायला दोन-तीन प्लगइन घेऊन पाहिले, पण 'ते' येत नाही."

आठवणींचा वाटा असेलच, पण फरक खरा आहे आणि आकड्यांत मोजता येतो. तुमच्या प्लगइनमधून तो येत नाही, कारण तो आवाज शेवटी वरून फासलेला रंग नव्हता. यंत्रात जागा कमी होती, त्या अडचणीतून वाट काढताना तो तयार झाला. म्हणून आधी ती अडचण समजून घ्या. कृती त्यानंतर सोपी आहे.

त्याआधी एक गोष्ट निस्तरू. 'ओल्ड स्कूल' म्हणून आपण सगळंच एका पोत्यात भरतो, पण त्यात किमान तीन वेगळे आवाज आहेत. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये सॅम्पल, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा, नाहीच. 'शीक' या बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसलाइन आणि ठेका स्टुडिओत वादकांनी हाताने वाजवला, मिनिटांमागून मिनिटं. दुसरा आवाज ड्रम मशीनचा. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मागे रोलँडचं टीआर-८०८ आहे, तर १९८३ च्या रन-डीएमसीच्या 'सकर एमसीज'मागे ओबरहाइमचं डीएमएक्स. तिसरा आवाज सॅम्पलरचा, म्हणजे असे तुकडे टिपून बटणांवर (पॅडवर) वाजवणाऱ्या यंत्राचा, साधारण १९८६ पासून ९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. तुम्ही 'जड, खरखरीत' म्हणताय तो बहुतेक हा तिसराच, म्हणून मी त्याच्यावरच जास्त लिहितो. पहिल्यासाठी चांगला बासवादक शोधा. दुसऱ्याबद्दल शेवटी दोन ओळी आहेत.

या तिसऱ्या आवाजाचं मूळ मात्र पहिल्या दोन्हींच्या आधीचं आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कची पार्टी झाली. हिप-हॉपचा जन्म तिथून मोजतात. गाण्यात बाकीची वाद्यं थांबून फक्त ड्रम वाजतात त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. लोक नाचतात ते ब्रेकवर, हे हर्कने हेरलं. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करू लागला. ग्रँडमास्टर फ्लॅशने रेकॉर्डवर खडूने खुणा करून हे काम काटेकोर केलं. सॅम्पलर आल्यावर हेच काम यंत्राकडे गेलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात मार्ली मार्लसारख्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: आख्खा ब्रेक न घेता त्यातला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (करकरीत वाजणारा छोटा ड्रम) सुटा कापायचा आणि स्वतःचा ठेका बांधायचा. जुन्या वादकाचा ठोका, नवा ठेका. तुम्हाला हवा असलेला आवाज इथून सुरू होतो.

आता ते यंत्र. ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे १९८७ मध्ये आलं. त्याचा सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतो तो आकडा, २६.०४ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक मोजमापाचा बारकावा १२ बिट. पूर्ण बीटसाठी मिळून स्मृती जेमतेम १० सेकंद आणि एका आवाजाला फार तर २.५ सेकंद. सीडीचे आकडे शेजारी ठेवा: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट.

या २.५ सेकंदांचं गणित करून बघा. चार ठोक्यांचा एक बार (आवर्तन) ९६ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत, बरोबर २.५ सेकंदांचा होतो. ९२ बीपीएमला तो २.६१ सेकंद. म्हणजे ९६ पेक्षा हळू लयीतला एक साधा बारसुद्धा एका पॅडमध्ये मावत नाही. आणि त्या काळातले बरेच बीट ८५ ते ९६ च्या पट्ट्यातले. मग युक्ती निघाली ती अशी: ३३ च्या गतीची एलपी ४५ वर फिरवायची, म्हणजे ती १.३५ पट जोरात पळते. त्या घाईतच सॅम्पल घ्यायचं आणि मग यंत्राच्या आत सूर खाली ओढून मूळ गतीला आणायचं. २.५ सेकंदांत आता मूळ रेकॉर्डचे ३.३७ सेकंद बसले, म्हणजे ७२ बीपीएमचा बारही आला. टेक्निक्स एसएल-१२०० च्या पिच फेडरने आणखी ८ टक्के वाढवले तर ३.६ सेकंद.

जागा वाचली, पण किंमत आवाजाने मोजली. २६.०४ किलोहर्ट्झच्या रेटला जास्तीत जास्त १३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. तोच १.३५ पट वेगात टिपला आणि खाली ओढला की मूळ आवाजातलं साडेनऊ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. झांजांची वरची चकाकी गेली, किक आणि बेस पुढे आले. हा झाला जडपणा. खरखर वेगळ्या कारणाने येते. सूर खाली ओढताना हे यंत्र दोन मोजमापांमधली जागा गुळगुळीत भरून काढत नाही, सरळ आधीचंच मोजमाप पुन्हा वाजवतं. त्यातून मूळ आवाजात नसलेले, बेसूर, धातूसारखे वरचे स्वर तयार होतात. शिवाय एसपी-१२०० ला आठ आउटपुट होते आणि त्यांचे फिल्टर (आवाजाचा वरचा भाग कापणारे) वेगवेगळे: पहिल्या दोनवर हलता फिल्टर, तीन ते सहावर ठरावीक फिल्टर, सात आणि आठवर काहीच नाही. म्हणून बेस एक किंवा दोनवर टाकला की तो गोल, मऊ येई आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी जोडझांज) सात-आठवर टाकला की चावरा. एकाच बीटमध्ये काही आवाज मऊ आणि काही काचेसारखे येतात ते यामुळे. तुमचं प्लगइन हे करत नाही. ते सगळ्याला एकच खरखर लावतं.

आता लॅपटॉपवर. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. लागतं ते एक साधं सॅम्पलर आणि बिट व सॅम्पल रेट कमी करणारा एक इफेक्ट. एबलटनमध्ये त्याला रीडक्स म्हणतात, लॉजिकमध्ये बिटक्रशर. पुढे मी त्याला नुसता क्रशर म्हणतो. फुकटचेही बरेच मिळतात.

आधी एक ब्रेक घ्या, स्वच्छ आणि कोरडा. परवाना खुला असलेला ड्रम लूप किंवा ओळखीच्या ड्रमरचं एका माइकवरचं रेकॉर्डिंग. खोलीचा थोडा घुमारा असेल तर उत्तमच. जुन्या ब्रेकमध्ये तो असायचाच.

मग त्याची गती १.३५ पट करा. गती आणि सूर दोन्ही एकत्र वाढले पाहिजेत, टेप पळवल्यासारखे. इथे नवखा माणूस हमखास अडकतो, कारण आजची सॉफ्टवेअर आपणहून टाइम-स्ट्रेच करतात, म्हणजे गती बदलली तरी सूर धरून ठेवतात. एबलटनमध्ये 'वार्प' बंद करा, ऑडॅसिटीमध्ये 'चेंज टेम्पो' न वापरता गती आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. हे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

यानंतर पातळी तपासा. सर्वांत मोठा ठोका −१ ते −३ डेसिबलपर्यंत यायला हवा. १२ बिटांत प्रत्येक बिटाला सुमारे ६ डेसिबल मिळतात, एकूण ७२. आवाज −२४ डेसिबलवर ठेवून क्रशरमध्ये घातलात तर चार बिट रिकामे गेले, हातात उरले आठ. मग स्नेअरची शेपटी पत्रा घासल्यासारखी येते आणि माणूस म्हणतो, '१२ बिटांचा आवाज घाण असतो.' तो घाण नसतो, तुम्ही आठ बिट ऐकत असता.

आता क्रशर: १२ बिट, २६ किलोहर्ट्झ. इफेक्टसकट तो ऑडिओ नव्या फाइलमध्ये उतरवून घ्या. ही फाइल सॅम्पलरमध्ये टाकून सूर खाली घ्या: ५ सेमिटोन (लगतच्या दोन स्वरांतलं अंतर) आणि आणखी २० सेंट (सेमिटोनचे शंभरावे भाग). ती २० सेंट विसरू नका. १.३५ पट म्हणजे बरोबर ५ सेमिटोन होत नाहीत, ५.२ होतात. फक्त −५ केलंत तर सॅम्पल किंचित चढं राहतं आणि नंतर कीबोर्डवर वाजवलेला बेस त्याच्याशी भांडतो. ड्रमला फारसं जाणवणार नाही, पण पियानो किंवा हॉर्नच्या तुकड्याला लगेच कळतं.

एक अडचण उरतेच. आजची सॅम्पलर सूर खाली ओढताना मधली जागा नीट भरून काढतात, त्यामुळे ते बेसूर वरचे स्वर येत नाहीत. सॅम्पलरमध्ये इंटरपोलेशनची निवड असेल तर ते बंद किंवा सर्वांत हलकं ठेवा. नसेल तर सूर खाली आणून झाल्यावर आणखी एक क्रशर लावा, फक्त रेट कमी करायला, १९.३ किलोहर्ट्झवर. हा आकडा हवेतून आलेला नाही, २६.०४ भागिले १.३५. घाई असेल तर गती वाढवणं-कमी करणं सगळं सोडून मूळ ब्रेकवर १२ बिट आणि १९.३ किलोहर्ट्झ लावलं तरी बरंचसं काम होतं. पण मी लांबचा रस्ताच सुचवेन, कारण त्यात ठोक्याचं टोकही किंचित बोथट होतं आणि कानाला तेच हवं असतं.

क्रशर कधीही मास्टरवर, म्हणजे संपूर्ण मिश्रणावर, लावू नका. गायकाचा आवाज त्या काळी १२ बिटांतून जात नसे, तो टेपवर स्वच्छ रेकॉर्ड होई. खरखरीत बीटवर स्वच्छ आवाज, हा त्या गाण्यांचा निम्मा गुण आहे. सगळंच चिरडलं की गाणं फोनच्या रिंगटोनसारखं वाजतं.

पुढचं काम कापण्याचं. ब्रेकमधून किक, स्नेअर, हॅट सुटे करा. सुरुवात ठोक्याच्या अगदी टोकावर कापा. १० मिलिसेकंद शांतता राहिली तरी सगळा ठेका मागे पडल्यासारखा लागतो. शेवट मात्र घाईने कापू नका. किकच्या शेपटीत हॅटचा अंश राहू द्या, स्नेअरच्या मागे खोलीचा आवाज राहू द्या. मग या सगळ्यांना एकाच चोक गटात टाका, म्हणजे पुढचा ठोका आला की आधीच्याची शेपटी तुटेल. एसपी-१२०० मध्ये एका चॅनलवरचे आवाज असेच एकमेकांना कापत. तो किंचित श्वास तोडल्यासारखा परिणाम तिथून येतो, कॉम्प्रेसरमधून नाही.

रेकॉर्डच्या चरचर आवाजाचं प्लगइन लोक आवडीने लावतात. मला ते ऐकलं की लगेच कळतं आणि रसभंग होतो. खऱ्या गाण्यात चरचर सॅम्पलबरोबर येते आणि सॅम्पलबरोबरच तुटते. एक बारचा लूप असेल तर तीच टिचकी दर बारला त्याच जागी येते. संपूर्ण गाण्यावर अखंड पावसासारखी चरचर म्हणजे नक्कल. हवीच असेल तर क्रशरच्या आधी, कापण्याच्या आधी, मूळ ब्रेकमध्ये मिसळा आणि मग सगळी कृती करा.

बेससाठी जुनी पद्धत फिल्टरची. सॅम्पलचीच एक प्रत घ्या, तिच्यावर २०० हर्ट्झच्या आसपास, २४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावा आणि पातळी ४-६ डेसिबल वाढवा. मूळ प्रतीतून १५० च्या खालचं हाय-पासने काढून टाका. दोन्ही प्रती अगदी एकाच क्षणी सुरू झाल्या पाहिजेत. काही मिलिसेकंदही सरकल्या किंवा एका प्रतीची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी झाली, तर जिथे दोन्ही मिसळतात तिथले स्वर एकमेकांना खातात आणि बेस वाढण्याऐवजी पातळ होतो. शंका आली तर एका प्रतीची पोलॅरिटी उलटून ऐका, ज्यात बेस भरीव येतो ते ठेवा. सगळंच सॅम्पलमधून यायला हवं असंही नाही. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या १९९१ च्या 'द लो एंड थिअरी'मध्ये जॅझचे नामवंत बासवादक रॉन कार्टर स्वतः वाजवतात.

आता लय, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते आवाजापेक्षा लोक इथे जास्त चुकतात. १९८८ मध्ये रॉजर लिन यांनी रचलेलं अकाईचं एमपीसी-६० आलं. त्यात 'स्विंग' टक्क्यांत देता येई. बारच्या एका आठव्या भागात दोन सोळावे बसतात. ५० टक्के म्हणजे दुसरा सोळावा बरोबर मध्यावर, सरळ. ६६ टक्के म्हणजे पूर्ण तिश्र चाल. मजा मधल्या आकड्यांत आहे. ९२ बीपीएमला आठवा भाग ३२६ मिलिसेकंदांचा. सरळ असेल तर दुसरा सोळावा १६३ वर पडतो, ५८ टक्क्यांना १८९ वर. फक्त २६ मिलिसेकंदांचा उशीर, पण मान डोलते ती त्याच्यामुळे. ढोलकीवाला मात्रा धरून असतो तरी मधले बोल तराजूत मोजल्यासारखे टाकत नाही, तसंच.

८५ ते ९६ बीपीएमला ५४ ते ६० टक्के वापरून बघा. स्विंग फक्त सोळाव्या भागांना लागतं, त्यामुळे पहिल्या ठोक्याची किक आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याचा स्नेअर जागचे हलत नाहीत, हलतात मधल्या किक आणि हॅट. तुमच्या ठेक्यात मधला एकही सोळावा नसेल तर स्विंग कितीही फिरवा, काहीच ऐकू येणार नाही. 'स्विंग चालत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. दुसरी चूक म्हणजे सुटे ठोके ५८ टक्क्यांवर आणि त्याखाली वाजणारा आख्खा लूप सरळ. दोन्ही एकमेकांना अडखळतात. लूप स्वतः झुलणारा असेल तर त्याच्या हॅटवर कान ठेवून सुट्या ठोक्यांचा टक्का त्याच्याशी जुळवा. आणि हाताने वाजवून पूर्णपणे यंत्राच्या जाळीबाहेर ठेवलेला ठेका, 'जे डिला' या बीटकाराच्या नावाशी जोडला जातो तो, ते जरा नंतरचं प्रकरण आहे. आधी हे जमू द्या.

मांडणी साधी ठेवा. दोन किंवा चार बारचा लूप, १६ बारचं कडवं, ८ बारचा हुक (धृपद). बदल भर घालून करायचा नाही, काढून करायचा: आठव्या बारच्या शेवटच्या ठोक्याला ड्रम बंद, कडव्याच्या पहिल्या दोन बारांत बेस बंद. आवाज रेकॉर्ड करताना मुख्य टेक एकच, आणि दुसऱ्या टेकमध्ये फक्त ओळीचा शेवटचा शब्द-दोन शब्द दुहेरी. आख्खं कडवं दुहेरी केलं की यमकाची धार जाते.

मिक्समध्ये किक आणि स्नेअर मोठे, त्यांच्या बरोबरीने गायक, बाकी सगळं त्यांच्या मागे. किक, स्नेअर, बेस मध्यभागी, मोनो. लिमिटरने मोठे ठोके दाबून आवाज वाढवू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळं सुमारे −१४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) पातळीला आणतात, त्यापेक्षा मोठं केलंत तर ते फक्त खाली ओढलं जाईल आणि ठोक्याची उसळी आधीच गेलेली असेल. तुलनेसाठी जुनं गाणं ऐकताना हेही लक्षात असू द्या की स्ट्रीमिंगवरची प्रत पुष्कळदा नंतर रीमास्टर केलेली, जास्त दाबलेली असते. जुनी सीडी मिळाली तर तिच्याशी तुलना करा.

टीआर-८०८ वर थोडक्यात. त्यात सॅम्पल नाहीत, सगळे आवाज अ‍ॅनालॉग सर्किटमधून निघतात. १९८० ते १९८३ एवढीच वर्षं ते बनलं. त्याला बिटक्रशर लावू नका. किकचा डिके (विरत जाण्याचा वेळ) वाढवा, तो गाण्याच्या षड्जाला जुळवा, आणि लांब किक वाजत असताना बेसला गप्प बसवा. स्विंग जवळजवळ नको, लय १००-१३०.

शेवटी परवानगीचा मुद्दा, कारण तो त्या आवाजाच्या अस्ताशी जोडलेला आहे. १९९१ मध्ये गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टाचा निकाल लागला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर एका गाण्यात दहा-पंधरा रेकॉर्डचे तुकडे रचणं परवडेनासं झालं. सॅम्पलच्या परवान्यांच्या गुंत्यामुळे डी ला सोल या रॅप गटाचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडावा लागला. उलट बाजूही बघा: 'आमेन ब्रेक' हा १९६९ चा, सात सेकंदांचा तुकडा हजारो गाण्यांत वाजला, पण तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमन यांना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. आपल्याकडचं उदाहरण २००२ चं आहे. अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये लता मंगेशकरांचं 'थोडा रेशम लगता है' परवानगीशिवाय वापरलं गेलं आणि प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं.

जुन्या मराठी रेकॉर्डचे तुकडे घ्यायचा विचार असेल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. पण चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९३० ची नाट्यपदाची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी असली तरी चाल बांधणारा १९८० पर्यंत जगला असेल तर चाल मोकळी नाही. आणि हे झालं भारतापुरतं. गाणं जगभर प्रसिद्ध करणार असाल तर अमेरिकेतले नियम वेगळे आहेत, तिथे १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला खुली झाली आणि पुढची टप्प्याटप्प्याने होताहेत. सरावासाठी घरी काहीही कापा. प्रसिद्ध करायच्या गाण्यात ओळखीच्या पेटीवाल्याकडून चार बार वाजवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि वरची कृती त्याच्यावर करा.